कुकच्या ग्रंथातला भिवा

जुन्या ग्रंथांच्या नादी लागलेल्या माणसाला कोणतं पुस्तक कधी चिकटेल याचा नेम नसतो. मला चिकटला तो थिओडोर कुकचा ‘फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे’. १९०१ ते १९०८ या काळात तो भागाभागाने निघाला आणि १९५८ मध्ये भारतीय वनस्पती सर्वेक्षणाने तीन खंडांत पुन्हा छापला. पान, फूल, फळ, बी यांची काटेकोर वर्णनं आणि प्रत्येक वर्णनाच्या शेवटी ती वनस्पती कुठे, कोणाला मिळाली त्याची यादी. वर्णनं मी गरजेपुरती वाचतो. यादीवर मात्र रेंगाळतो, कारण तिथे माणसं भेटतात. स्टॉक्स, डॅल्झेल, गिब्सन हे जुने मातब्बर. माथेरान-महाबळेश्वरच्या झाडांच्या याद्या करणारे मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती एच. एम. बर्डवुड, गणेशखिंड बागेचा वुडरो, एक कानिटकर. आणि पुणे, कात्रज घाट, चतुःशृंगी अशा ओळखीच्या ठिकाणांपुढे पुन्हा पुन्हा येणारा भिवा.

बाकीच्यांना आडनावाने पुकारलंय, याला नुसतं ‘भिवा’. आद्याक्षरं नाहीत, हुद्दा नाही. पण नावापुढे उद्गारचिन्ह आहे: ‘भिवा!’ हे चिन्ह कौतुकाचं नव्हे. वनस्पतिशास्त्राच्या रिवाजात त्याचा अर्थ एवढाच, की हा नमुना लेखकाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आहे. न्यायमूर्ती असोत की भिवा, वाळवलेली फांदी टेबलावर आली की दोघांना चिन्ह सारखंच. साहेबाच्या अमदानीतल्या कागदांवर असा समान न्याय फार ठिकाणी मिळत नाही.

कुक मूळचा इंजिनिअर. १८३६ साली आयर्लंडमध्ये जन्मला, १८६० मध्ये बी.बी.सी.आय. रेल्वेच्या कामावर इकडे आला आणि पुढे पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचा, म्हणजे आजच्या सीओईपीचा, प्राचार्य झाला. त्याच कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारा जी. मार्शल वुडरो १८७३ च्या गणेशखिंड बागेचा कारभार बघायचा.   या मंडळींच्या काळात पुण्यात जमलेले नमुने कृषी महाविद्यालयाच्या संग्रहातून अखेर भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागाकडे आले. १९५५ मध्ये सुरू झालेलं हे कार्यालय कोरेगाव रस्त्यावर आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी पुण्याच्या आसपास खुडलेलं गवत आजही तिथल्या कपाटांत कागदावर चिकटवलेलं आहे.

हा सगळा कागदी शौक जमिनीवर आला तो टेकडीवरच्या श्रमदानामुळे. पुण्यात रविवारी सकाळी कुठल्याही टेकडीवर जा, टिकाव, घमेली आणि पाण्याचे कॅन घेतलेली मंडळी दिसतातच. बँकेतून निवृत्त झालेले काका, आयटीतली जोडपी, वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी. खणणं, आळी करणं, उन्हाळ्यात पाणी घालणं, वणव्यासाठी जाळपट्टे काढणं ही त्यांची कामं. यातून होणारं शिक्षण कुठल्याही पदविकेत मिळायचं नाही. बहाव्याचं बी टणक. ते खरवडून किंवा गरम पाण्यात भिजवून पेरलं नाही तर महिनोन्‌महिने ढिम्म बसतं. साळई, मोई, पांगारा यांच्या फांद्या पावसाच्या तोंडावर खोचल्या तर लागतात. धावड्याचं बी मूठभर पेरावं तेव्हा एखाददुसरं उगवतं, कारण त्यातलं बरंचसं पोचटच असतं. म्हणून रोपवाटिकेतल्या धावड्याच्या पिशवीकडे लोक तान्ह्या बाळासारखं बघतात. कढीपत्ता आणि लिंबू लावला की मॉरमॉन फुलपाखरं, रुई राखली की प्लेन टायगर, पानफुटी असली की रेड पिअरो. सुरवंटाला त्याचंच पान लागतं. शेजारचं हिरवंगार पान असून त्याच्या उपयोगाचं नाही, हे एकदा बघितलं की ‘कोणतंही झाड लावा, हिरवळ महत्त्वाची’ हे वाक्य तोंडातून निघत नाही.

टेकडीवरचं जुनं भांडण गिरिपुष्पाचं, म्हणजे ग्लिरिसिडियाचं. मूळ मेक्सिको-मध्य अमेरिकेतलं हे झाड सत्तर-ऐंशीच्या दशकांत इथल्या टेकड्यांवर बेसुमार लावलं गेलं. ते मुरमातही भराभर वाढतं, जमिनीत नत्र धरतं, चरायला आलेली शेळी त्याला सहसा तोंड लावत नाही. वनखात्याला आणखी काय हवं? आज वेताळ टेकडीच्या कित्येक उतारांवर दुसरं झाड शोधावं लागतं. तोडलं तर बुंध्यातून चौपट फुटतं, आणि उन्हाळ्यात शेंगा तडकून बिया लांब उडतात. मी त्याला सरसकट शत्रू मानत नाही. त्याने सावली दिली, मातीही धरली. माझ्या पाहण्यात जे गट शहाणे ठरले त्यांनी ते एकदम छाटलं नाही. थोडा थोडा उजेड पाडत त्याच्याच आडोशाला कांडोळ, मेडशिंगी, वारस, काळा कुडा वाढवला.

खरं भांडण मात्र झाडांचं नाहीच, गवताचं आहे. एका पावसाळी सकाळी चर खणायला निघालेल्या काकांना कॉलेजातल्या मुलीने अडवलं. ‘काका, इथे नको ना खणूया.’ काका म्हणाले, ‘अगं, इथे आहे काय? नुसतं गवत!’ ती खाली बसली आणि कुसळीच्या काड्यांत गुंतलेला एक सुतासारखा वेल बोटाने उचलून दाखवला. खर्पुडी. फूल इंच-दीड इंचाचं, आकाशकंदिलासारखं: खाली फुगीर, मध्ये नळी, वर पाकळ्यांची टोकं एकमेकांना चिकटून झालेला पिंजरा. नळीत आत वळलेले केस असतात. वासाने आलेली बारीक माशी आत घसरते, ती अडकतेच. मग केस कोमेजतात, फूल कलतं आणि माशी परागांची पुडी घेऊन सुटते. या सगळ्या कारभाराचा कंद मुरमात वीतभर खाली. टिकावाचा एक घाव आणि संपलं. काका बराच वेळ उकिडवे बसून बघत होते. मग म्हणाले, ‘आणि डिसेंबरात हे कुठे असतं?’ ‘कुठेच नाही दिसत. म्हणून तर लोक खणतात.’

काकांच्या ‘आहे काय?’ या प्रश्नाला कुकच्या याद्या हे उत्तर आहे. भिवाने ज्या टेकड्यांवरून नमुने आणले त्या घनदाट रानाच्या नव्हत्या. विरळ झाडीच्या, काटेरी झुडपांच्या आणि गवताच्या होत्या. त्यांची श्रीमंती पावसाच्या चार महिन्यांत वर येणाऱ्या कंदांत, वेलींत, पवना-मारवेल-कुसळीत होती. आपल्या सरकारी आणि लोकप्रिय भाषेत अशा जमिनीला ‘उजाड’ म्हणतात. वारजे येथे वनविभागाने टेरे या संस्थेबरोबर २०१५ पासून फुलवलेलं शहरी वन आठवा. ५ जून २०२० रोजी केंद्राने २०० नगरवनांची योजना जाहीर केली तेव्हा आदर्श म्हणून तेच दाखवलं. सुमारे १६.८ हेक्टर उजाड टेकडीचं हिरवं जंगल झालं, तिथे २३ जातींच्या वनस्पती आहेत, असं अभिमानाने सांगितलं गेलं. काम मनापासून झालेलं आहे. शहराला फिरायला हिरवी जागा मिळाली, यात वाद नाही. पण न खणलेल्या टेकडीचा एखादा उतार ऑगस्टात बारकाईने पाहिला, तर २३ हा आकडा न्याहारीआधीच मागे पडतो. लावलेली झाडं मोजली जातात, आधीपासून असलेलं गवत कोणी मोजत नाही.

यादी ठेवण्याने काय साधतं याचा पुण्यातलाच दाखला गाजरगवताचा. त्याची गाजलेली नोंद रोल्ला शेषगिरी राव यांनी १९५६ मध्ये छापली, ती पुण्यातल्या झाडांवरून. हे गवत अमेरिकेबरोबरच्या पी.एल. ४८० या धान्य-कराराच्या गव्हातून आलं हे आपल्याकडे शाळकरी पोरही सांगतं. पण भारताबरोबरचा तो करार ऑगस्ट १९५६ चा आणि झाडं त्याच्या आदल्या वर्षीच दिसलेली. त्याआधीही अमेरिकेचा गहू येत होताच, तेव्हा बी कदाचित त्यातून आलं असेल. करारावरचा ठपका मात्र तारखेपुढे टिकत नाही. कोणी तरी पाहिलं, नाव लावलं, तारीख टाकली, म्हणून हे बोलता येतं.

पुणेकर टेकड्यांसाठी भांडतात, आणि जोरात भांडतात. १९९७ मध्ये महापालिकेत आलेल्या २३ गावांतल्या ९७८ हेक्टर टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचं आरक्षण टिकावं म्हणून वर्षानुवर्षं लढा चालला. २०२३ मध्ये बालभारती ते पौड फाटा रस्त्याविरुद्ध वेताळ टेकडीसाठी लोक मोठ्या संख्येने रस्त्यावर उतरले. गणेशखिंडची बाग आता जैवविविधता वारसा स्थळ आहे. वाचवायची जागा आपण ओळखतो. त्या जागेत काय आहे ते ओळखणारे मात्र मोजके, आणि हेच ज्ञान श्रमदानातून तयार होऊ शकतं. त्यासाठी रोप लावण्याच्या जूनपेक्षा बघत बसण्याचे ऑगस्ट-सप्टेंबर महत्त्वाचे मानावे लागतील, आणि फोटो काढणाऱ्याने ठिकाण, तारीख आणि शोधणाऱ्याचं नाव लिहायला शिकावं लागेल. मग तो प्राध्यापक असो की टँकरवर पाणी सोडणारा पोऱ्या.

माझं म्हणणं संस्थांना पटेलच असं नाही, कारण वृक्षारोपणाला पाहुणे येतात, गवत बघायला येत नाहीत. तरी सांगतो. टेकडीवर चर किंवा खड्डे खणायचं अंदाजपत्रक मांडणाऱ्याकडे, मग तो सरकारी असो, कंपनीचा असो वा आपल्याच गटाचा, आधी त्या उताराची एका पूर्ण पावसाळ्याची यादी मागावी. यादी नसेल तर टिकाव घरी ठेवावा.