स्टेअरिंग जड झाले? आधी पाहा, मग खर्च करा



या पानावर एरवी मी बेणे, खत आणि हुमणी यांविषयी लिहितो. आज गाडीविषयी लिहितो आहे, याचे काहींना नवल वाटेल. पण आपल्यापैकी पुष्कळांच्या दारात जुनी बोलेरो, सुमो किंवा क्वालिस उभी असते. खताची पोती, लग्नाची वऱ्हाडी मंडळी, रात्री-अपरात्रीचा दवाखाना, सगळं तीच ओढते. शिवाय दोडामार्गकडच्या सभासदांना घाटावर यायचं तर तिलारी घाट चढावा लागतो. तिथली वळणं आणि उतार मी वेगळे सांगायला नकोत. त्या घाटात स्टेअरिंगने दगा दिला तर पुढे काय, याचा विचार घरी असतानाच केलेला बरा.

गेल्या पावसाळ्यात प्लॉट पाहून मी भेडशीहून परत निघालो होतो. गाडी माझीच, पंधरा वर्षांची. वळण आलं की बॉनेटखालून ‘घूंऽऽ’ असा आवाज यायचा. घाटातल्या पहिल्याच अवघड वळणावर स्टेअरिंग इतकं जड झालं, की दोन्ही हातांनी जोर लावून फिरवावं लागलं. गाडी कडेला घेतली तेव्हा अंगाला घाम फुटला होता. त्याआधी एका मेकॅनिकने सांगितलं होतं, “साहेब, सगळा रॅकच बदलावा लागेल.” मी पैशांची जुळवाजुळवही सुरू केली होती. घरी येऊन नीट पाहिलं, तर तेलाच्या डबीकडे परत येणाऱ्या होज पाइपची क्लिप सैल होती आणि तेल तळाला गेलं होतं. पाइपचा तुकडा, नवी क्लिप आणि तेल, एवढ्यावर काम भागलं.

उसाचं पान पिवळं दिसलं की आपण युरिया टाकून मोकळे होतो. खरं तर कधी मुळाशी पाणी तुंबलेलं असतं, कधी चुनखडीच्या जमिनीत पिकाला लोह मिळत नसतं. रोग ओळखायच्या आधी औषध दिलं की पैसा जातो आणि रोग तसाच राहतो. गाडीचंही तेच.

हे यंत्र चालते कसे?

तेलाच्या दाबाने स्टेअरिंग हलके करण्याची ही युक्ती अमेरिकेत फ्रान्सिस डेव्हिस या अभियंत्याने १९२० च्या दशकात तयार केली. विक्रीच्या मोटारीत ती १९५१ साली क्रायस्लर कंपनीने प्रथम आणली. मूळ रचना आजही तीच आहे. इंजिनवरच्या पट्ट्याने एक पंप फिरतो. पंप तेलाला दाब देतो आणि आपण ज्या बाजूला वळवू त्या बाजूला तो दाब चाकांना ढकलतो. म्हणजे इंजिन बंद तर पंप बंद, आणि पंप बंद तर मदतही बंद. बॉनेट उघडल्यावर तेलाची डबीच दिसली नाही, तर तुमचे स्टेअरिंग बहुधा विजेवर चालणारे आहे. त्याला पुढची तेल-पट्ट्याची तपासणी लागू नाही. बॅटरी आणि डॅशबोर्डवरचा दिवा पाहा आणि जाणकाराकडे जा.

तपासणी या क्रमाने करा

१) पुढच्या टायरची हवा. हवा कमी असली तरी स्टेअरिंग जड लागतं. कितीतरी वेळा रोग इथेच संपतो.

२) तेलाची पातळी. डबीवर किंवा झाकणाच्या पट्टीवर खूण असते. हे तेल जळून संपत नाही. कमी झालं म्हणजे कुठेतरी गळतंय. नुसती भर घालत बसू नका. तेलाला फेस असेल तर आत हवा शिरली आहे. वळताना येणारा ‘घूंऽऽ’ आवाज बहुधा त्याचाच. पुस्तिकेत सांगितलेलंच तेल घाला. ब्रेक ऑइल चुकूनही घालू नका, त्याने सील खराब होतात.

३) पट्टा. वळताना ‘किर्रर्र’ आवाज येतो, किंवा गाडी उभी असताना स्टेअरिंग जड आणि रेस दिली की हलकं लागतं, तर पट्टा सैल आहे नाहीतर पंप थकला आहे. पावसात तांबडी माती उडून पट्टा घसरतो. इंजिन बंद करूनच हात लावा.

४) गळती. होज पाइप, पंप आणि रॅकच्या टोकांचे रबरी बूट पाहा. रात्री गाडीखाली स्वच्छ पुठ्ठा ठेवा, सकाळी डाग कुठे पडला ते कळतं. इंजिन चालू असताना दाबाचा पाइप हाताने चाचपू नका.

५) सांधे. सपाट जागी मागच्या चाकांना दगडाची ओट लावा, हँडब्रेक ओढा, पुढची चाकं जॅकवर उचला. इंजिन बंद ठेवून, पण किल्ली फिरवून लॉक सोडून, स्टेअरिंग सावकाश फिरवा. मध्येच अडकलं तर गंजलेला सांधा किंवा रॅक यांत दोष आहे. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली मात्र शिरू नका.

एका बाजूला हलकं आणि दुसऱ्या बाजूला जड लागत असेल, तर दोष आतल्या व्हॉल्व्हमध्ये किंवा सीलमध्ये असण्याचा संभव जास्त. हे मेकॅनिकचं काम. स्टेअरिंग सैल असून गाडी भरकटते, तर टाय रॉडचे सांधे झिजलेत का ते लगेच तपासून घ्या. तो सांधा निखळला तर चाक आपल्या हातात राहत नाही.

एक कळकळीची विनंती

डिझेल वाचवायला उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडणारे सभासद मी पाहिले आहेत. असं करू नका. इंजिन बंद झालं की स्टेअरिंग जड होतं, ब्रेकला मिळणारी मदतही थोड्या वेळात संपते, आणि किल्ली काढली तर स्टेअरिंग लॉक होऊ शकतं. वाचणारं डिझेल पेलाभर. खाली दरी आहे. चालत्या गाडीत स्टेअरिंग अचानक जड झालं तर घाबरू नका. ते फिरतंच, फक्त जोर लागतो. वेग कमी करा, गियर उतरवा आणि रुंद जागा पाहून थांबा.

मेकॅनिककडे जाल तेव्हा “स्टेअरिंग बिघडलंय” एवढंच सांगू नका. कधी जड होतं, कोणत्या बाजूला, आवाज कसा, तेल किती कमी झालं, हे सांगा. बदललेला जुना भाग मागून घ्या आणि डोळ्यांनी पाहा. मृगाच्या आधी आपण बांध-चर पाहतो, तसंच एकदा बॉनेटही उघडा. घरची माणसं त्याच गाडीत बसतात.

आपला,
ऊस विकास अधिकारी