जास्वंदाचं जमत नाही

लाल-निळ्या काचांचा कागदी चष्मा लावून जास्वंदाचं थ्रीडी छायाचित्र पाहा. मागची पानं बऱ्यापैकी मागे जातात, देठ आपल्या जागी उभा राहतो, पण पाकळ्या धड पुढे येत नाहीत की धड मागे जात नाहीत. लुकलुकत राहतात. जरा वेळ नेटाने पाहिलं तर कपाळ दुखायला लागतं. यात चष्मा सदोष नसतो आणि छायाचित्रकारही चुकलेला नसतो. डाव्या डोळ्यावर लाल काच असते, तिच्यातून लाल पाकळी उजळ, पांढुरकी दिसते. उजव्या डोळ्यावरच्या निळसर-हिरव्या काचेतून तीच पाकळी जवळजवळ काळी. एक डोळा उजेड सांगतो, दुसरा अंधार, आणि मेंदू घटकेत याचं ऐकतो, घटकेत त्याचं.

संपादकांनी मला रांजणगावला पाठवलं ते या फुलासाठी नव्हे. पुण्याहून नगर रस्त्याने निघालं की शिरूरच्या अलीकडे हे गाव लागतं. अष्टविनायकांतला महागणपती ही त्याची जुनी ओळख, एमआयडीसी ही नवी. त्या एमआयडीसीत एलजीचा कारखाना आहे, आणि 'घरोघरी येणार म्हणून गाजलेला थ्रीडी टीव्ही गेला कुठे' असा लेख संपादकांना हवा होता. तो विषय पुढे येईलच. पण पिशवीत मी एक स्टिरिओस्कोप आणि फुलांच्या जोडचित्रांची कार्डं टाकली होती, आणि देवळाच्या वाटेवर फुलांची दुकानं आहेत. माझा वेळ तिथेच गेला.

यंत्राचा इतिहास थोडक्यात उरकतो, कारण तो कुठल्याही ज्ञानकोशात मिळतो. लंडनच्या चार्ल्स व्हीटस्टनने 1838 मध्ये दोन आरसे काटकोनात उभे करून, दोन किंचित वेगळ्या रेखाचित्रांतून एक भरीव आकृती दाखवली. छायाचित्रणाची कला जाहीर व्हायला तेव्हा अजून वर्ष होतं. डेव्हिड ब्रूस्टरने आरशांऐवजी भिंगं बसवून यंत्र हातात मावेल इतकं केलं आणि 1851 च्या लंडनच्या प्रदर्शनात ते गाजलं. अमेरिकेतले डॉक्टर-लेखक ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी 1861 च्या सुमारास आणखी स्वस्त, दांडीचा नमुना केला आणि त्याचं पेटंट मुद्दाम घेतलं नाही. आपल्याकडेही हे कॅमेरे फिरले. जेम्स रिकल्टन या शिक्षकी सोडून छायाचित्रकार झालेल्या गृहस्थाचा शंभर जोडचित्रांचा भारतप्रवास 1907 मध्ये पुस्तकासह निघाला. पुढे 1939 मध्ये व्ह्यू-मास्टर आला. गोल चकतीवर चौदा इवल्या रंगीत पारदर्शिका, म्हणजे सात जोड्या, आणि खटका दाबला की पुढचं दृश्य. मराठी मध्यमवर्गातल्या एका पिढीला त्रिमिती भेटली ती त्या खटक्यातून.

माझ्या पिशवीतलं यंत्र याहून साधं होतं. दोन भिंगं, मधे पडदी, समोर कार्ड टेकवायला खाच. कार्डावर एकाच फुलाची दोन चित्रं शेजारी शेजारी, एक डाव्या डोळ्याने पाहिल्यासारखं, एक उजव्या. पडदीमुळे प्रत्येक डोळ्याला आपापलंच चित्र दिसतं. भिंगं दोन कामं करतात: जवळचं कार्ड लांब असल्यासारखं सुस्पष्ट दाखवतात, आणि आपल्या कडांच्या तिरपेपणाने दोन्ही चित्रं अलगद एकमेकांवर आणून ठेवतात. क्षणभर दोन फुलं दिसतात, मग तीन दिसल्यासारखी वाटतात, आणि एकदम एकच उरतं आणि ते कागद सोडून उभं राहतं. हे 'एकदम' मला आजही पुरेसं समजलेलं नाही, कारण समजावून सांगितलेलं सगळं पटूनही दर वेळी नवल वाटतंच.

एका फुलवाल्या मावशींना मी यंत्र दिलं. त्यांनी आधी ते उलटं धरलं, मग मोकळं आकाश बघावं तशी मान वर केली. खाचेत दूर्वांच्या जुडीचं कार्ड होतं.

"काय दिसतं, मावशी?"

"जुडी दिसती." थोडं थांबून, "कुणी बांधलीया ही? सैल बांधलीया. दोरा नीट बसला न्हाय बघा."

मी चटकन कार्ड काढून नुसत्या डोळ्यांनी पाहिलं. एकाच चित्रात दूर्वा म्हणजे हिरव्या रेघांचा गुंता, कोणती काडी कुणाच्या पुढे आहे ते कळत नाही. यंत्रात पाहिलं की प्रत्येक काडी सुटी होते आणि दोऱ्याचा फेरा काड्यांपासून चांगला दोन काड्या दूर उभा असलेला दिसतो. मावशींचं म्हणणं बरोबर होतं. या यंत्राची इतकी नेमकी परीक्षा मी कुठे वाचलेली नाही.

मग कार्डांची फेरीच झाली. पांढऱ्या तगरीला काही अडचण नाही. सावळी सावली, पांढरी पाकळी, कुठल्याही चष्म्यातून ती तशीच दिसते. शेवंतीत गंमत आहे. आपण जिला पाकळी म्हणतो ती प्रत्यक्षात एकेक स्वतंत्र पुष्पक असते, आणि सपाट छायाचित्रात शेवंती पिवळ्या बिस्किटासारखी चपटी वाटते. यंत्रात तिचे थर मोजता येतात, आतल्या मिटलेल्या पुष्पकांपर्यंत नजर उतरते. झेंडूचं तसंच, फक्त तो जास्त दाटीचा. पण राजा जास्वंदच. त्याचा केसरदांडा पाकळ्यांच्या पेल्यातून थेट बघणाऱ्याकडे झेपावतो, अंगावर परागांची बारीक पूड आणि टोकाला पाच लाल ठिपके. त्रिमितीसाठीच घडवलं असावं असं हे फूल आहे. डाव्या-उजव्या चित्रांची जागा चुकून अदलाबदल झाली, तर हाच दांडा आत घुसलेला बोगदा होतो आणि पाकळ्या बाहेर फुगतात. व्हीटस्टननेच पुढे मुद्दाम असं उलटं दाखवणारं उपकरण केलं होतं. असं उलटं जास्वंद बघून मावशी म्हणाल्या, "हे देवाला चालायचं न्हाय."

सपाट कागदावर फुलाची खोली हरवते, हा प्रश्न वनस्पतिशास्त्रज्ञांना जुना आहे. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात 1955 मध्ये सुरू झालं, आणि तिथल्यासारख्या वनस्पतिसंग्रहांत नमुने दाबून, वाळवून कागदावर चिकटवलेले असतात. पान, खोड, फांदीची रीत याने नीट टिकते. फूल मात्र चपटं होतं. आमरीसारख्या फुलाची ओठासारखी पाकळी दाबली की तिची ठेवण हरवते, म्हणून असे भाग निराळे, द्रवात बुडवून ठेवतात. फूल उघडून बघायचं असेल तेव्हा अभ्यासक ज्या सूक्ष्मदर्शकाखाली ते ठेवतात, त्यालाही दोन डोळ्यांसाठी दोन वेगळे मार्ग असतात. स्टिरिओस्कोपचाच तो भाऊ.

इथपर्यंत सगळं छान. आता जोडचित्र काढायच्या भानगडी. प्रौढ माणसाच्या दोन बाहुल्यांत साधारण 63 मिलिमीटर अंतर असतं, म्हणून नवखा माणूस तेवढंच अंतर सोडून दोन छायाचित्रं काढतो. डोंगर असेल तर चित्र चपटंच राहतं, आणि फूल असेल तर दोन चित्रं इतकी वेगळी होतात की ती एक होतच नाहीत. जाणकारांचा ढोबळ नियम तिसात एकचा आहे: सर्वांत जवळची वस्तू जितकी दूर, त्याच्या तिसाव्या भागाइतकं कॅमेऱ्याचं सरकणं. जास्वंद 30 सेंटिमीटरवर असेल तर मोबाइल एकच सेंटिमीटर सरकवायचा. केसरदांड्याच्या टोकाजवळ 9 सेंटिमीटरवर गेलात तर फक्त तीन मिलिमीटर. हाताने हे होणार कसं? फळीवर मोबाइल ठेवून पट्टीच्या आधाराने सरकवतात, पण मोबाइल जराही वळला तर चित्रं वरखाली होतात, आणि डोळ्यांना वरखाली फरक अजिबात सोसत नाही.

दुसरी भानगड वाऱ्याची. एकाच मोबाइलने आधी डावं, मग उजवं चित्र काढायचं म्हणजे मधल्या क्षणात फूल हललं की संपलं. देठ अर्धा सेंटिमीटर डुलला की मेंदूला ते खोलीच वाटते, आणि पाकळी भलत्याच अंतरावर तरंगायला लागते. दोन मोबाइल शेजारी बांधून एकदम कळ दाबावी, तर त्यांची भिंगं एकमेकांच्या पुरेशी जवळ येत नाहीत. मग फुलांचे ढीग, हार, आख्खं दुकान असलं दूरचं चित्र काढता येतं, एकटं फूल नाही. जास्वंद तर पहाटे उमलून संध्याकाळी मिटणारं. थांबून थांबून काढायची सोय तिथे नाही. दवबिंदूंचंही वेगळंच: थेंबावरची चमक प्रत्येक डोळ्याला वेगळ्या जागी दिसते, त्यामुळे जोडचित्रात तो थेंब चमचमतो. हा दोष नव्हे. रेशमाची आणि ओल्या पाकळीची झळाळी डोळ्यांच्या याच मतभेदातून येते असं जर्मन भौतिकशास्त्रज्ञ डोव्ह यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यालाच सांगितलं होतं. मतभेद थोडा असला तर झळाळी, फार असला तर सुरुवातीच्या जास्वंदासारखी लुकलुक.

आणि रंग. स्वस्त चष्म्यासाठी जास्वंद पाहण्याजोगं करायचं, तर संगणकावर त्याचा लाल रंग कमी करावा लागतो, पार करड्यापर्यंत. खोली मिळते, पण गणपतीला प्रिय असलेलं ते लालपण जातं. हा सौदा मला मान्य नाही. या बाबतीत टीव्हीवाल्यांनी चांगलं काम केलं होतं. एलजीने 2011 मध्ये बाजारात आणलेल्या संचांत पडद्यावर खास थर होता: एकाआड एक ओळींचा प्रकाश वेगळ्या दिशेने ध्रुवित, आणि चष्मा हलका, बिनबॅटरीचा. रंग जसेच्या तसे राहत. मात्र 1080 ओळी दोन डोळ्यांत वाटल्या जाऊन प्रत्येकाला 540 मिळत, म्हणजे दूर्वेच्या काडीसारख्या बारीक गोष्टीचं थोडं नुकसान. मग ज्याने त्याने चष्मे शोधायचे, पाहुण्यांना पुरवायचे, पडून बघायचं नाही, आणि बघायला चित्रपट मोजकेच. 2017 मध्ये कंपनीने हे संच थांबवले. त्याआधी सॅमसंगने थांबवले होते. संपादकांना हवं असलेलं उत्तर एवढंच आहे, आणि ते द्यायला कारखान्यात जावंच लागलं नाही.

सगळ्यांत अवघड अडचण बघणाऱ्याच्या डोळ्यांत असते. लहानपणी तिरळेपणा असेल, किंवा एक डोळा आळशी राहिला असेल, तर दोन्ही चित्रं जुळत नाहीत आणि कितीही चांगलं यंत्र दिलं तरी 'एकदम' घडत नाही. काही जणांना हे मोठं होईपर्यंत कळतही नाही. डोळ्यांच्या दवाखान्यात त्यासाठी एक जुनी चाचणी आहे: ध्रुवित चष्मा लावून मुलाला मोठ्या माशीचं चित्र दाखवतात आणि तिचे पंख चिमटीत धरायला सांगतात. खोली दिसणारं मूल हवेतच चिमूट घेतं, न दिसणारं कागदावर बोट टेकवतं. माशीऐवजी जास्वंद का नाही, असं मला वाटून गेलं. ध्रुवित काचांत त्याचा लाल रंग टिकेल, आणि रांजणगावचं कुठलंही पोर केसरदांड्याला हात घालेल. पण फुलाची पाकळी कुठली पुढे, कुठली मागे हे सावलीवरून एका डोळ्यालाही थोडंफार कळतं, आणि हुशार मूल तेवढ्यावरही बरोबर उत्तर देऊ शकतं. म्हणून पक्की परीक्षा घ्यायची तेव्हा दृष्टीचे अभ्यासक बेला युलेश यांनी साठच्या दशकाच्या तोंडावर रूढ केलेले नुसते विस्कटलेले ठिपके वापरतात. त्यात एका डोळ्याला काहीच आकार दिसत नाही, आणि फूलही नसतं.