चौकट : जुन्या झाडाशेजारी पाया खणताना

वडाच्या पाच झाडांवरून पंचवटीला नाव मिळाल्याचे सांगणाऱ्या नाशिकमध्ये वड-पिंपळाच्या सावलीत घर असणे नवे नाही. 2022 मध्ये उंटवाडीतील जुना वड नियोजित उड्डाणपुलाच्या आड आला, तेव्हा तो वाचवण्यासाठी नाशिककर पुढे सरसावले. प्लॉटवरच्या झाडासाठी एवढे ध्यानात ठेवा :

मुळे कुठे असतात? बहुतेक मुळे वरच्या 60 ते 90 सेंटिमीटरमध्येच असतात आणि फांद्यांच्या घेराबाहेरही पसरतात.

अंतर किती? ब्रिटिश मानक 5837 नुसार, दीड मीटर उंचीवरील खोडाच्या व्यासाच्या 12 पट त्रिज्येत खोदकाम टाळावे. खोडाचा घेर 3.14 मीटर असेल, तर व्यास 1 मीटर आणि अंतर 12 मीटर.

झाडाला धोका : जाड मुळे तोडली की आधार जातो, पुढच्या वादळात झाड कोसळू शकते. भरावाने व काँक्रीटने मुळांना हवा-पाणी मिळत नाही.

घराला धोका : काळी माती ओलाव्याने फुगते, सुकल्यावर आकसते. मुळे पाणी शोषतात तिथे पाया असमान खचून भिंतींना तडे जातात. पाया खोल घ्यावा. तो किती, हे माती तपासून ठरवावे. गळक्या ड्रेनेजमध्ये मुळे शिरतात.

कायदा : महाराष्ट्राच्या 1975 च्या वृक्ष संरक्षण कायद्यात झाडाला कोणतीही इजा करणे हेही ‘तोड’ ठरते. 2021 च्या दुरुस्तीने 50 वर्षांवरील झाडे ‘वारसा वृक्ष’ झाली. अशा तोडीची परवानगी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडून घ्यावी.