भाकरी, वरण आणि अमिनो आम्ले

परभणीकडच्या ताटात भाकरीशेजारी तुरीचे वरण का असावे? चवीसाठी, असे आपण म्हणू. रसायनशास्त्राचे उत्तर याहून खोल आहे आणि ते एका चिमुकल्या रेणूच्या घडणीत दडलेले आहे.

प्रथिन ही एक माळ होय. तिच्या मण्यांना अमिनो आम्ले म्हणतात. मण्याच्या मधोमध कार्बनचा एक अणू असतो आणि त्याला चार हात असतात. एका हाताला अमिनो गट, म्हणजे नत्राचा एक व हायड्रोजनचे दोन अणू. दुसऱ्याला आम्लगट, म्हणजे कार्बनचा एक, प्राणवायूचे दोन व हायड्रोजनचा एक अणू. तिसऱ्याला नुसता हायड्रोजन. चौथ्या हाताला जे असेल त्यावरून आम्लाचे नाव व गुण ठरतात. तेथेही हायड्रोजनच असला तर ते ग्लायसीन. चार कार्बनांची साखळी व तिच्या टोकाला आणखी एक अमिनो गट असला तर लायसीन.

एकाचा आम्लगट दुसऱ्याच्या अमिनो गटाला मिळाला की पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो आणि दोन मणी सांधले जातात. आपली प्रथिने मुख्यतः अशा 20 प्रकारच्या मण्यांची असतात. त्यांपैकी 9 शरीराला घडविता येत नाहीत. ते अन्नातूनच यावे लागतात. लायसीन त्यांतलेच.

ज्वारीत सुमारे 10 टक्के प्रथिन असते, पण त्यात लायसीन फार थोडे. एका जातीचे मणी संपले की इतर मणी ढीगभर असूनही ओवणे थांबते. तुरीच्या डाळीत सुमारे 22 टक्के प्रथिन असून लायसीन भरपूर असते. तिच्यात उणे असते ते मेथिओनीन, आणि ते ज्वारी पुरविते. एकीचे उणे दुसरी भरून काढते.

परभणीत 1972 साली कृषी विद्यापीठ स्थापन झाले. तेथील ‘परभणी शक्ती’ या ज्वारीच्या वाणात लोह व जस्त अधिक आहे, ही आनंदाची गोष्ट. तरी वरणाची गरज संपत नाही.

डाळ महागली की गरिबाघरचे वरण पातळ होते. पोट भाकरीने भरते. वाढत्या लेकराची माळ मात्र अपुरी राहते. काटकसर अवश्य करावी, पण तिचा आरंभ मुलाच्या वरणाच्या वाटीपासून करू नये.