केस गळतात? जवस खा, पण रक्तही तपासा

शेलारच्या वस्तीत विदर्भ-मराठवाड्यातून आलेल्या घरांना जवसाची चटणी नवी नाही. हल्ली तेच जवस 'केस वाढवणारे' म्हणून छोट्या पाकिटात महाग विकतात. जवसात ओमेगा-३ आणि प्रथिने आहेत, पण त्याने केस उगवतात हे सिद्ध झालेले नाही. खायचे तर वाण्याकडचे सुटे जवस भाजून, लसूण-तिखट-मीठ घालून कुटा. अख्खे दाणे न पचताच बाहेर पडतात. कूट लवकर खवट होते, आठवड्यापुरतेच करा. रोज एक-दोन चमचे, वर भरपूर पाणी. गरोदर बाईने किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्याने आधी डॉक्टरांना विचारावे.

केस गळण्याचे कारण नेहमी डोक्यावर नसते. २०२५च्या जानेवारीत शेगाव तालुक्यात माणसांना अचानक टक्कल पडले. आधी संशय पाण्यावर गेला. पुढे रुग्णांच्या रक्तात सेलेनियम जास्त आढळले. आपल्याकडे पहिला संशय रक्त कमी असण्याचा घ्या. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त स्त्रियांत रक्तक्षय निघाला. भगिनींनो, विंचरताना पुंजका हातात येतो, जिना चढताना धाप लागते, तर सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन तपासून घ्या, थायरॉइडचेही विचारा. बाळंतपण किंवा मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी गळलेले केस मात्र बहुधा आपोआप परत येतात.