संध्याकाळी सातनंतर कोणाला विचारायचं?

म्हैसूरच्या मंडी मोहल्ल्यात भिंतीला भिंत लागून घरं आहेत. कुकरची शिटी झाली की कानांवर हात दाबून किंचाळणारं, अंग टाकून देणारं सहा वर्षांचं मूल एखाद्या घरात असेल, तर ते शेजाऱ्यांनाही रोज ऐकू येतं. मग शेजारीण म्हणते, फार लाडावून ठेवलंय. सासूबाई म्हणतात, आमच्या वेळी असं नव्हतं. आणि आई हळूहळू लग्नाकार्याला, बाजारात, देवळात जाणंच सोडते.

अशा घराला या शहरात तपासणीसाठी लांब जावं लागत नाही. मानसगंगोत्रीत अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था आहे, सगळे तिला ‘आयिश’ म्हणतात. मूल बोलत नाही, नजर देत नाही, एका जागी बसत नाही, म्हणून दूरदूरच्या राज्यांतून पालक तिथे येतात. निदान होतं, थेरपी सुरू होते. पण थेरपीचा तास आठवड्यातून एकदा किंवा दोनदा, आणि घर चोवीस तास. संध्याकाळी सातला मुलाने बहिणीला चावा घेतला, तर त्या क्षणी काय करायचं? याचं सगळ्यात उपयोगी उत्तर बहुधा तीच संध्याकाळ आधी काढलेल्या दुसऱ्या आईकडे असतं. पालकांचा आधारगट उभा राहतो तो या अनुभवावर.

महाराष्ट्रात ही वाट जुनी आहे. ठाण्यात 1990 साली सुरू झालेल्या इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थने (आयपीएच) आणि पुण्यात डॉ. जगन्नाथ वाणी यांनी स्थापन केलेल्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनने मानसिक आजार असलेल्यांच्या कुटुंबीयांचे स्वमदत गट चालवले. या कामातून मराठीत दोन सुंदर शब्द रुळले: आजाराला सामोरा जाणारा तो शुभार्थी, त्याची काळजी घेणारा तो शुभंकर. ‘पेशंटची आई’ आणि ‘शुभंकर’ यांत फरक आहे. दुसऱ्या शब्दात तिच्या कामाची दखल आहे.

गट चालतो कसा? पाच-सात घरं पुरतात, तीन असली तरी सुरुवात होते. पंधरा दिवसांनी दीड तास. आधी प्रत्येकाने दोन वाक्यांत सांगायचं, गेले दिवस कसे गेले. मग एकाच घराचा एकच प्रश्न घ्यायचा. सगळ्यांचं सगळं ऐकायला गेलं की कोणाचंच नीट ऐकलं जात नाही.

समजा, एक आई सांगते, मुलगा अभ्यासाला बसवलं की बहिणीला मारतो. गट लगेच उपाय सांगत नाही, आधी तीन गोष्टी विचारतो. मारण्याआधी काय झालं? नेमकं काय केलं त्याने? आणि त्यानंतर घरातल्यांनी काय केलं? आठवता आठवता लक्षात येतं: शाळेतून साडेचारला आला, भुकेला होता, बहीण टीव्ही बघत होती, त्याच्यापुढे वही उघडली. मारल्यावर आईने वही मिटून त्याला बाजूला नेलं. म्हणजे मारलं की अभ्यास टळतो, हे तो शिकला. मूल दुष्ट नाही, हे आईला इथे पहिल्यांदा पटतं. मग दुसरी म्हणते, “आमच्याकडे आधी खाणं, मग वीस मिनिटं गच्चीवर, मग पाचच मिनिटं वही.” तिसरी म्हणते, “आमच्याकडे गच्चीने काही झालं नाही, पण आज काय-काय करायचं त्याची चित्रं भिंतीवर लावल्यावर फरक पडला.” यातलं एकच घरी करून बघायचं आणि पुढच्या वेळी काय झालं ते सांगायचं, फसलं तरी सांगायचं.

‘तुम्ही असं करा’ म्हणायचं नाही, ‘आम्ही असं केलं’ म्हणायचं, हा गटाचा पहिला नियम, आणि माझ्या मते बाकीचे नियम त्यातूनच निघतात. ज्या आईला वर्षानुवर्षं सगळे शिकवत आलेत, तिला आणखी एक शिकवणारी नको असते. औषधाच्या डोसाबद्दल गटात बोलायचं नाही, ते डॉक्टरांचं काम. खोलीतलं खोलीबाहेर न्यायचं नाही. मोहल्ल्यात बातमी गल्लीच्या टोकापर्यंत जायला वेळ लागत नाही, म्हणून हे फार कडक पाळावं लागतं. कोणाला नुसतं रडायचं असेल तर रडू द्यावं.

यात तज्ज्ञाची जागा कोणी घेत नाही. पण घरच्यांना आणि साध्या प्रशिक्षित कार्यकर्त्यांना बरंच काही जमतं. स्वमग्न (ऑटिस्टिक) मुलांसाठी गोव्यात ‘संगत’ संस्थेतर्फे आणि पाकिस्तानात रावळपिंडीत एक प्रयोग झाला. विशेषज्ञ नसलेले आरोग्य कार्यकर्ते सहा महिने दर पंधरवड्याला पालकांसोबत बसले. 2016 साली त्याचे निष्कर्ष छापून आले: पालक मुलाच्या कलाने प्रतिसाद देऊ लागले आणि मुलं आपणहून जास्त संवाद सुरू करू लागली. जागतिक आरोग्य संघटनेच्या पालक-प्रशिक्षणातही नऊ गटबैठका आणि तीन गृहभेटी असतात.

गटाचा आणखी एक मोठा उपयोग कागदपत्रांचा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत. स्वमग्नता, विशिष्ट अध्ययन अक्षमता आणि मानसिक आजार त्यात येतात, नुसत्या अतिचंचलतेचं मात्र स्वतंत्र नाव नाही. स्वमग्न मुलासाठी नॅशनल ट्रस्टची ‘निरामय’ योजना वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचं विमाकवच देते. स्वमग्न मूल अठराचं झाल्यावर पालकत्वाचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे करायचा असतो. कोणत्या खिडकीवर जायचं, सोबत काय न्यायचं, हे जाऊन आलेला बाबा पाच मिनिटांत सांगतो.

गटाच्या आवाक्याबाहेरच्या गोष्टीही असतात. मूल स्वतःला इजा करू लागलं, जगण्याचा कंटाळा बोलून दाखवू लागलं, किंवा आईबाबांपैकीच कोणी पार खचलं, तर बैठकीची वाट बघायची नाही. डॉक्टरांकडे जायचं. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक अहोरात्र चालू असतो, कन्नडमध्येही आणि मराठीतही.

भाषेचा प्रश्न इथे येतोच. मंडी मोहल्ल्यातल्या बैठकीत कोणी कन्नड बोलेल, कोणी दखनी, आणि म्हैसुरात पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या घरातली एखादी आजी मराठी. मुलाला ज्या भाषेत आपण रागावतो त्याच भाषेत बैठकीत बोलावं. शेजारी बसलेली समजावून सांगेल.

बहुतेक गट अडतात ते मात्र एका साध्या गोष्टीवर. आईबाबा बैठकीला बसले तर मुलांना कोण सांभाळणार? हे ठरवल्याशिवाय पहिली तारीख काढू नये. शेजारची एक खोली हवी, पंख्याचा आवाज कमी असलेली. गाद्या, पाणी, प्रत्येकाच्या आवडीचं एखादं खेळणं. कॉलेजची दोन मुलं. आणि दारावर चिकटवलेला कागद: कोणाला कुकरच्या शिटीची भीती वाटते, कोणाला हात लावलेला चालत नाही, कोण घाबरलं की टेबलाखाली जाऊन बसतं आणि त्याला तिथेच बसू द्यायचं.