राखण गावाची, आधार सरकारचा

डोईफोडिया हे बऱ्हाणपूर जिल्ह्यातील सातपुड्याकाठचे गाव. या टापूत मोहाची फुले, तेंदूची पाने नि गुरांची चराई यांवर कित्येक घरांची चूल पेटते. रान सर्वांस खुले राहावे, हा येथे पोटाचा प्रश्न होय.

याच जिल्ह्यात नेपानगरच्या बाजूस २०२२-२३ साली अतिक्रमणापायी जंगलाची मोठी तोड झाली. केवळ वनरक्षकाच्या काठीने रान राखले जात नाही, हे त्यावरून दिसून येते.

२००६ च्या वनहक्क कायद्याने हे काम ग्रामसभेकडेही सोपविले आहे. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जमीन कसणाऱ्या आदिवासीचा हक्क तो मानतो. त्यानंतरची घुसखोरी मानीत नाही. दोहोंतील भेद ठरविताना गावातील वृद्धांची लेखी साक्षही पुरावा म्हणून ग्राह्य धरली जाते. नकाशा सरकारपाशी असतो, आठवण गावापाशी. एकावाचून दुसरे अपुरे. आणि घाईने निवाडा केल्यास गरिबावरच अन्याय व्हावयाचा.

गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाने हा मार्ग दाखविला आहे. तेथील ग्रामस्थांनी पाळीपाळीने गस्त घातली, वनखात्याशी सहकार्य केले, प्रसंगी वादही घातला. २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर वनावर त्यांचा सामूहिक हक्क मान्य झाला. २०११ साली बांबूच्या वाहतुकीचे परवानेही ग्रामसभेच्या हाती आले.

सर्वांचे ते कोणाचेच नाही, अशी आपली समजूत असते. आम्हांस वाटते, जे सर्वांचे आहे त्याची राखण प्रत्येकाकडे पाळीने आली पाहिजे.